नगरपालिकेपुढे वाड्याचे गाऱ्हाणे कसे मांडावे?

ओटीवरून

नमस्कार. उत्तर गोव्यातील एका नगरपालिकेच्या हद्दीत, मुख्य रस्त्याखालच्या उतारावर आमचा २२ घरांचा वाडा आहे. गेल्या दोन पावसाळ्यांत रस्त्याकडेचे गटार तुंबून त्याचे पाणी चार घरांच्या ओटीपर्यंत आले. एका घरात तर ते रात्री दोन वाजता माजघरात शिरले आणि तिथल्या वयोवृद्ध आजींना शेजाऱ्यांनी खुर्चीसकट उचलून बाहेर आणले. याशिवाय वळणावरचे दोन दिवे गेल्या चतुर्थीच्या आधीपासून बंद आहेत आणि त्या काळोखात वाहनांतून येणारे लोक कचऱ्याच्या पिशव्या टाकून जातात.

आम्ही नगरसेवकांना प्रत्यक्ष भेटलो, छायाचित्रे त्यांच्या व्हॉट्सॲपवर पाठवली, पालिकेच्या कार्यालयातही दोनदा जाऊन आलो. सर्वांनी आमचे म्हणणे सौजन्याने ऐकून घेतले आणि 'बघतो' असे सांगितले. आता एप्रिल संपत आला असून पाऊस दीड महिन्यावर आहे. माझा प्रश्न एवढाच आहे की, कामे खरोखर व्हावीत यासाठी आपले म्हणणे कोणाकडे, कोणत्या रीतीने आणि कोणत्या क्रमाने मांडावे? ज्यांनी आपल्या गावात वा प्रभागात असे काम तडीस नेले आहे, त्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

कुळागर

सर्वप्रथम तो रस्ता कोणाचा आहे ते शोधून काढा. पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे.

निवृत्त_लिपिक

मी एका स्थानिक स्वराज्य संस्थेच्या आवक-जावक विभागात बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून टेबलाच्या दुसऱ्या बाजूने चार गोष्टी सांगतो.

तोंडी सांगितलेली तक्रार कार्यालयाच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. ती ज्याने ऐकली तो कर्मचारी रजेवर गेला किंवा त्याची बदली झाली की तिचा माग संपतो. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या छायाचित्राचेही तेच होते, कारण ते एका व्यक्तीच्या फोनमध्ये राहते आणि फाइलीत येत नाही. याउलट कागदावर आवक क्रमांक पडला की तो कागद कोणाच्या तरी टेबलावर जावाच लागतो, त्याच्यावर शेरा लागतो आणि 'हा कागद कुठे आहे?' असे विचारण्याचा तुम्हांला आधार मिळतो. म्हणून अर्ज दोन प्रतींत न्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका.

दुसरी गोष्ट म्हणजे, गटार, दिवे आणि कचरा हे तिन्ही विषय एकाच अर्जात घालू नका. असा अर्ज ज्या टेबलावर प्रथम जातो तिथला माणूस स्वतःच्या विषयापुरते पाहतो, उरलेले दोन विषय पुढे जात नाहीत आणि फाइलीवर मात्र 'कार्यवाही केली' अशी नोंद होते. ही लबाडी असतेच असे नाही; कामाची रचनाच तशी आहे. तीन विषय, तीन अर्ज, तीन आवक क्रमांक.

तिसरी गोष्ट सह्यांबद्दल. २२ घरांचा अर्ज असेल तर २२ सह्या हव्यात, आणि प्रत्येक सहीपुढे घर क्रमांक स्पष्ट लिहिलेला हवा. घरपट्टीच्या नोंदीशी जुळणारा घर क्रमांक दिसला की अर्जदार खरोखर तिथलेच आहेत की नाहीत हा मुद्दा उरत नाही.

चिरेबंदी

कुळागर यांचे म्हणणे अगदी बरोबर आहे. मी स्थापत्य अभियंता असून रस्ते आणि गटारे यांवरच माझी बहुतेक नोकरी गेली. गोव्यात एकाच गावातून राष्ट्रीय महामार्ग, सार्वजनिक बांधकाम खात्याचा रस्ता आणि पालिकेचा किंवा पंचायतीचा अंतर्गत रस्ता असे तीन प्रकार जाऊ शकतात, आणि रस्ता ज्याचा त्याच्याच ताब्यात सहसा त्याच्या कडेचे गटार असते. तुमचा वाडा मुख्य रस्त्याखाली आहे असे तुम्ही लिहिले आहे. तो रस्ता बांधकाम खात्याचा असेल, तर तुम्ही दोन वर्षे चुकीच्या दारात उभे होता.

आता गटार का तुंबते ते पाहा. आपल्याकडे वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जांभ्याच्या जमिनीवरून येणारे पाणी लाल माती आणि बारीक खडी घेऊन येते. उतार जिथे कमी होतो तिथे पाण्याचा वेग मंदावतो आणि गाळ बसतो. अशी जागा बहुधा रस्त्याखालून जाणाऱ्या मोरीच्या तोंडाशी असते. त्यातच वरच्या बाजूला नवे बांधकाम झाले असेल आणि मोकळ्या जमिनीवर काँक्रीट पडले असेल, तर पूर्वी जमिनीत मुरणारे पाणीही त्याच गटारात येते. गटाराचा आकार मात्र जुनाच राहतो. फाटकासाठी गटारावर स्लॅब टाकताना खाली लहान व्यासाचा पाइप बसवण्याची पद्धतही सर्रास दिसते, आणि असा एकच पाइप संपूर्ण वाड्याचे पाणी अडवायला पुरेसा असतो.

म्हणून अर्ज लिहिण्याआधी एका सकाळी चार जणांनी गटाराच्या वरच्या टोकापासून खालच्या व्हाळापर्यंत (ओढ्यापर्यंत) चालत जा. कुठे गाळ आहे, कुठे पाइप आहे, मोरीचे तोंड किती उघडे आहे, याची टेप लावून नोंद करा आणि कागदावर साधा हातनकाशा काढा. 'गटार तुंबते, कृपया साफ करावे' या वाक्यापेक्षा 'अमुक घरापासून १८ मीटरवर असलेल्या मोरीचे तोंड पाऊण भाग गाळाने भरले आहे' हे वाक्य वाचून कनिष्ठ अभियंत्याला जागेवर यावेसे वाटते.

माडाखाली

माझे मत थोडे वेगळे आहे. कागदपत्रांचा मारा सुरू केला की नगरसेवकांना ते आपल्याविरुद्धचे पाऊल वाटते आणि मग पाच वर्षांचे संबंध बिघडतात. आमच्या प्रभागात एका गृहस्थांनी थेट पालिकांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या संचालनालयाकडे तक्रार केली. काम तर झालेच नाही, शिवाय त्यांच्या भागातली नेहमीची कामेही मागे पडली. गोवा लहान आहे; इथे माणसे एकमेकांना लग्नात, जत्रेत, दिंडीत भेटतात. माणसाला धरून काम होते, कागदाला धरून क्वचित होते.

निवृत्त_लिपिक

@माडाखाली, तुमचा अनुभव खरा आहे आणि तो दुःखद आहे. परंतु पहिलाच कागद वरिष्ठांकडे गेला, हे त्यामागचे कारण असावे असे मला वाटते. अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे लिहावा, त्याची प्रत नगरसेवकांना स्वतः नेऊन द्यावी आणि 'पालिकेच्या बैठकीत आपण हा विषय मांडावा' अशी विनंती करावी. नगरसेवकांनाही बैठकीत बोलण्यासाठी हातात काहीतरी लागते. २२ सह्यांचा अर्ज हे त्यांचे बळ ठरते. मी कार्यालयात असताना जे नगरसेवक असे अर्ज घेऊन येत, त्यांच्या विषयांना अभियंता विभाग नाही म्हणू शकत नसे.

सत्तरीची_सून

आमच्याकडे पंचायत असल्यामुळे अनुभव वेगळा आहे. गोवा पंचायत राज कायदा १९९४ नुसार ग्रामसभा ठरावीक महिन्यांत रविवारी घ्यावी लागते, आणि मतदार यादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती तिची सदस्य असते. लग्न होऊन आल्यावर पहिली दोन वर्षे मी तिकडे फिरकलेसुद्धा नाही, कारण तो पुरुषांचा विषय आहे असे घरात सर्वांनीच गृहीत धरले होते.

मग एका वर्षी वाड्यावरची सार्वजनिक विहीर शेवाळली आणि नळाला पाणी दिवसाआड येऊ लागले. आम्ही सात बायका लेखी प्रश्न घेऊन ग्रामसभेला गेलो. सचिवांनी 'विषय पुढच्या वेळी घेऊ' असे सांगितल्यावर आमच्यातील एका काकींनी उभे राहून शांतपणे विनंती केली की, हा विषय आज मांडला गेला होता एवढे तरी इतिवृत्तात लिहावे आणि लिहिलेले वाचून दाखवावे. ते वाचून दाखवले गेले. पुढच्या ग्रामसभेत मागचे इतिवृत्त कायम करताना तोच विषय आपोआप पुन्हा वर आला आणि सरपंचांना उत्तर द्यावे लागले. विहिरीचा उपसा त्या मे महिन्यात झाला.

आणखी एक गोष्ट तेव्हा कळली. पंधराव्या वित्त आयोगाकडून पंचायतींना मिळणाऱ्या अनुदानापैकी २०२१ ते २०२६ या काळात ६० टक्के रक्कम स्वच्छता आणि पिण्याचे पाणी यांसाठीच राखून ठेवलेली होती. पंचायतीचा आराखडा ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. आम्ही तो छापून नेला होता, त्यामुळे 'पैसे नाहीत' हे उत्तर त्या दिवशी कोणी दिले नाही.

ओटीवरून

आतापर्यंतच्या सर्व उत्तरांबद्दल मनापासून आभार. सत्तरीची_सून यांचा अनुभव वाचताना सारखे वाटत होते की, आमच्या नगरपालिकेत अशी सभा का नाही? वर्षातून चार वेळा तरी प्रभागातले लोक आणि पालिकेचे अधिकारी समोरासमोर बसतील, अशी काही तरतूद कायद्यात आहे का?

कायद्याचा_विद्यार्थी

दुर्दैवाने ही मोठी उणीव आहे. १९९२ च्या ७३व्या घटनादुरुस्तीने गावाला ग्रामसभा दिली. ७४व्या दुरुस्तीने शहरांसाठी प्रभाग समित्या सांगितल्या खऱ्या, पण अनुच्छेद २४३-एस नुसार त्यांची सक्ती ३ लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या ठिकाणीच आहे. गोव्यात १३ नगरपालिका आणि पणजीची महानगरपालिका आहे, आणि २०११ च्या जनगणनेत त्यांपैकी एकही १ लाखापर्यंतदेखील पोहोचत नव्हती. म्हणजे १९१ पंचायतींतील मतदाराला सभेत उभे राहून विचारण्याचा हक्क आहे, आणि घरपट्टी भरणाऱ्या शहरवासीयाला पाच वर्षांतून एकदा मत देण्याचा. मला हा अन्याय वाटतो. गोव्याच्या आकाराला साजेशी प्रभाग सभा राज्याच्या कायद्याने द्यायला हवी.

तोवर उपलब्ध साधन म्हणजे माहितीचा अधिकार. केंद्राचा कायदा २००५ चा असला तरी गोव्याने १९९७ मध्येच स्वतःचा असा कायदा केला होता, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. अर्जाचे शुल्क १० रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आले नाही किंवा अपुरे आले तर ३० दिवसांत पहिले अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. तुमच्या प्रश्नाशी थेट संबंध असलेले दोन मुद्दे सांगतो. रस्ता कोणाचा हे ठाऊक नसेल आणि अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला, तरी तो योग्य कार्यालयाकडे ५ दिवसांत पाठवण्याची जबाबदारी त्या कार्यालयावर आहे. तसेच केवळ कागदच नव्हे, तर काम प्रत्यक्ष पाहण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्कही याच कायद्यात आहे. 'गटार का साफ केले नाही?' असे विचारू नका. 'गेल्या दोन वर्षांत पावसाळ्यापूर्वीच्या गाळ उपसण्याच्या कामाचा कार्यादेश, त्यात समाविष्ट रस्त्यांची यादी आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत द्यावी' असे मागा.

आणि शेवटचा उपाय म्हणून एक निकाल लक्षात ठेवा. मध्य प्रदेशातील रतलाम इथल्या एका प्रभागातील रहिवाशांनी उघडी गटारे आणि घाण यांविरुद्ध दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागितली होती. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी पालिकेची 'निधी नाही' ही सबब फेटाळली. ज्या कलमाखाली ती दाद मागितली होती, ते दंड प्रक्रिया संहितेचे १३३ वे कलम आता त्या संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १५२ वे झाले आहे.

माडाखाली

एका गटारासाठी सर्वोच्च न्यायालय! तरीही माहिती अधिकाराचा मुद्दा मला पटला. त्यात कोणाशी भांडण नाही.

पेडण्याहून

गाऱ्हाणे हा शब्द शीर्षकात पाहून बरे वाटले. आमच्याकडे देवळात गाऱ्हाणे घालताना कोणासाठी, कशासाठी आणि कधीपर्यंत हे सगळे नाव घेऊन, मोठ्याने सांगितले जाते आणि जमलेले लोक प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. पालिकेच्या अर्जातही हेच तीन भाग असावेत असे वाटते. विशेषतः 'कधीपर्यंत' हा भाग आपण संकोचाने गाळतो. १५ मेपर्यंत काम व्हावे असे स्पष्ट लिहा.

भाषेबद्दलही थोडे लिहितो. इंग्रजी येत नाही म्हणून आमच्या भागातील कित्येक वडीलधारी मंडळी अर्जच करत नाहीत किंवा दुसऱ्याकडून लिहून घेतात, आणि मग आपण नेमके काय मागितले हे त्यांनाच ठाऊक नसते. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी ही राजभाषा असून मराठीचाही शासकीय कामासाठी वापर करता येतो. मी गेली कित्येक वर्षे मराठीतच अर्ज करतो. एकदा खिडकीवर 'इंग्रजीत आणा' असे सांगण्यात आले, तेव्हा तसे लेखी द्यावे अशी मी नम्रपणे विनंती केली. अर्ज स्वीकारला गेला.

शाळामास्तर

सर्वांचे म्हणणे वाचले. मला एक अप्रिय मुद्दा मांडायचा आहे. आमच्या भागात मोरी साफ करताना सर्वांत जास्त काय निघाले असेल तर नारळाच्या शेंड्या, निर्माल्याच्या प्लास्टिक पिशव्या आणि बांधकामाचा राडारोडा. हे परग्रहावरून आले नव्हते. पालिकेकडे जाण्यापूर्वी रहिवाशांनी आपल्या बाजूचा हिशेब केला नाही, तर मागणीला नैतिक बळ राहत नाही.

वळणावरची

शाळामास्तर, आपला मुद्दा मान्य आहे, पण तो अर्धाच आहे. आमच्याही वळणावर रोज पिशव्या पडत. आम्ही आठवडाभर पहाटे उभे राहून पाहिले. टाकणारी माणसे बेफिकीर होती असे म्हणता येणार नाही. बहुतेक जण सकाळी सातच्या बसने कामावर जाणारे भाडेकरू होते आणि कचऱ्याची गाडी दहा वाजता येत असे. बंद घरासमोर ओला कचरा ठेवला की कुत्री फाडत. मग ती माणसे पिशवी हातात घेऊन निघत आणि वळणावर सोडून देत. आम्ही ही पाहणी लिहून अर्जासोबत जोडली आणि गाडीची पहिली फेरी साडेसहाला मागितली. ती मिळाल्यावर पिशव्या निम्म्याहून कमी झाल्या. उरलेल्या मात्र बाहेरून येणाऱ्या वाहनांतूनच पडतात आणि त्यावर आम्हांलाही अजून उपाय सापडलेला नाही.

साळगावचा कचरा प्रक्रिया प्रकल्प २०१६ मध्ये सुरू झाला, काकोड्याचाही झाला, पण घराच्या दारापासून गाडीपर्यंतची पहिली २० पावले कोणत्याही प्रकल्पाला चालता येत नाहीत. ओटीवरून, तुमच्याकडेही आधी कोण टाकते आणि कोणत्या वेळी टाकते ते पाहा. आणि दिव्यांचा अर्ज पालिकेसोबत वीज खात्याच्या स्थानिक कार्यालयालाही द्या, खांबावरचा क्रमांक लिहून. १९१२ या वीज तक्रारींच्या दूरध्वनी क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांकही अर्जात घाला. बायामुलींना काळोखातून यावे लागते हे त्यात अवश्य लिहा.

पुण्यात_नऊ_वर्षे

थोडे विषयांतर होईल, पण उपयोगी पडेल. पुणे महानगरपालिका २००६ पासून पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून प्रभागातील लहान कामे मागवते. आमच्या सोसायटीसमोरचा पदपथ त्यातूनच झाला. महत्त्वाचे काय, तर अर्ज वर्ष सुरू होण्यापूर्वी काही महिने द्यावा लागत असे. एप्रिलमध्ये मागितलेली साफसफाई होऊ शकते, पण गटाराची रुंदी वाढवायची असेल तर तो विषय पालिका अंदाजपत्रक तयार करत असताना, म्हणजे हिवाळ्यातच, पुढे आला पाहिजे. गोव्यातील पालिकांनी पुण्याची ही पद्धत उचलावी असे फार वाटते.

चिरेबंदी

हा फारच मोलाचा मुद्दा आहे. साफसफाई आणि रुंदीकरण असे दोन वेगळे अर्ज करा.

ओटीवरून

जून संपत आला आहे. काय घडले ते सांगणे माझे कर्तव्य आहे.

एका रविवारी आम्ही सहा जण गटारालगत चाललो. मोरीच्या तोंडाशी गाळ होताच, पण खरा अडथळा त्याच्या वर ४० मीटरवर, दोन फाटकांखालच्या पाइपांत होता. त्यांपैकी एक फाटक माझ्या सख्ख्या चुलत्यांचे निघाले. ते संकटातल्या आजींच्या घरी मदतीला सर्वांत आधी धावले होते आणि आपल्याच पाइपामुळे पाणी अडते याची त्यांना कल्पना नव्हती. त्यांनी पाइप स्वखर्चाने काढून वर लोखंडी जाळी बसवली. दुसऱ्या फाटकाचे मालक मुंबईला असतात. त्यांच्याशी अजून बोलणे चालू आहे.

रस्ता बांधकाम खात्याचा निघाला. हे आम्हांला माहितीच्या अर्जामुळे कळले, कारण पालिकेने तो अर्ज त्या खात्याकडे पाठवला. उत्तरात मिळालेल्या कार्यादेशात आमच्या वळणापर्यंतचाच भाग होता; मोरी त्यात धरलेलीच नव्हती. दोन वर्षे ती कोणाच्याही यादीत नव्हती. ते पान जोडून २२ सह्यांचा अर्ज दिला, त्याची प्रत घेऊन नगरसेवक स्वतः आमच्यासोबत खात्याच्या कार्यालयात आले आणि २९ मे रोजी मोरी उपसली गेली. एक दिवा लागला, दुसऱ्याचा खांबच बदलायचा आहे असे सांगण्यात आले आहे. कचऱ्याची पाहणी अजून आमच्याकडून झालेली नाही.

परवा रात्री मुसळधार पाऊस पडला तेव्हा आम्ही चौघे विजेऱ्या घेऊन मोरीपाशी उभे होतो. पाणी गटाराच्या काठापासून वीतभर खाली राहिले. रुंदीकरणाचा अर्ज दसऱ्यानंतर देणार आहोत.

निवृत्त_लिपिक

रुंदीकरणाच्या अर्जाला हा कार्यादेश, त्या रात्रीची पाण्याची पातळी आणि तुमचा हातनकाशा जोडा. आणि दुसऱ्या खांबाबाबत जे सांगण्यात आले, ते लेखी मागून घ्या.